मागचे पाय नसलेली लोखंडी खुर्ची करायची आहे. पाइप कोणता घ्यावा?

शेडवाला
नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. गेट, ग्रिल, जिने, पत्र्याचे शेड हेच रोजचं काम. आता आईसाठी स्वतःच्या हाताने एक खुर्ची करायची आहे. संध्याकाळी ऊन उतरलं की ती ओट्यावर बसते. गुडघ्यांमुळे खाली बसणं बंद झालंय.

डोक्यात जी खुर्ची आहे तिला मागचे पाय नाहीत. एकच पाइप जमिनीवरून पुढे येतो, वर चढतो, मागे वळून बैठक होतो आणि पुन्हा वर जाऊन पाठ होतो. पत्रा नको, फोम नको, बैठक आणि पाठ दोन्ही नवारीची. बसल्यावर किंचित लवचिक लागली पाहिजे.

शेडमध्ये एक इंची १६ गेज गोल पाइप पडून आहे. हाताने चालवायचा हायड्रॉलिक बेंडर आहे, आर्क आणि मिग दोन्ही मशीन आहेत. आईचं वजन कमी आहे, पण ओट्यावर येणाराजाणारा कुणीही बसेल, म्हणून १०० किलो धरून चाललोय. हा पाइप पुरेल का? वाक किती गोल ठेवावा? आणि मुळात वयस्कर माणसाला अशी खुर्ची बरी का, हेही मोकळेपणाने सांगा.

सातरस्ता
काम कौतुकाचं आहे मालक. फोटो टाकत जावा.

रॉडवाला
तीस-पस्तीस वर्षं वेल्डिंग करतोय, म्हणून स्पष्ट बोलतो. गोल पाइपाच्या नादी लागू नका. २५ बाय २५ चौकोनी, १६ गेज, चार पाय, मागचे पाय जरा तिरके. कटरवर ४५ अंशात कापा, गुण्या लावा, टॅक मारा (जागा धरायला वेल्डचे छोटे ठिपके), दोन्ही कर्ण मोजा, मग भरा. गोल पाइपाला गोल पाइप जोडायचा म्हणजे तोंडाला खाच काढून गोलाई मिळवावी लागते. खाच नीट बसली नाही तर फट रॉडने भरत बसावं लागतं, आणि १६ गेजमध्ये तिथेच भोक पडतं.

चार पायांची खुर्ची कुठे मोडली तर कुठल्याही गावात कुणीही जोडून देईल. तुमची ती एका पाइपाची वाकात मोडली तर सगळी भंगारात.

मीठभाकर
प्लास्टिकची मिळते की ओ नव्या पेठेत, कशाला एवढा घाम?

शेडवाला
@मीठभाकर, घरात दोन आहेत. आपल्याकडच्या उन्हात बाहेर राहिल्या की दोन उन्हाळ्यांत पांढऱ्या पडतात, आणि एक दिवस बसल्या बसल्या पाय फाकतो. उभं राहताना आई हातावर सगळा भार टाकते तेव्हा तो प्लास्टिकचा हात बाहेर झुकतो. ते बघवत नाही म्हणून हा सगळा खटाटोप.

@रॉडवाला दादा, चौकोनी पाइपाची खुर्ची मला डोळे झाकून जमेल. पण गोल पाइप वाकवून करायचं मनात बसलंय. चार पायांच्या बाजूने अजून काही असेल तर जरूर सांगा.

गुण्या
पाइपाचं गणित मांडतो, म्हणजे अंदाजावर भांडायला नको.

१०० किलो म्हणजे साधारण १००० न्यूटन. दोन बाजूंना ५००-५००. बसलेल्या माणसाचा भार पुढच्या उभ्या पाइपापासून साधारण ३०० मिमी मागे पडतो. म्हणजे बैठकीच्या पुढच्या वाकात, आणि त्याच उभ्या पाइपात खालपर्यंत, प्रत्येक बाजूला १५० न्यूटन-मीटरचा वाकवणारा जोर. चार पायांच्या खुर्चीत हा जोर कुठेच एवढा येत नाही, कारण मागे पाय असतो.

बाहेरून २५.४ मिमी आणि १.६ मिमी जाडीच्या पाइपात या जोराने सुमारे २२० मेगापास्कल ताण येतो. साधा पोलादी पाइप २५० च्या आसपास कायमचा वाकायला लागतो. म्हणजे शांत बसलेला माणूस जेमतेम पेलेल. धपकन बसला की ताण सहज दीड ते दोन पट होतो, आणि मग खुर्ची मागे झुकते ती परत येत नाही.

आता सव्वा इंची १४ गेज घ्या, म्हणजे ३१.८ मिमी आणि २ मिमी जाडी. तोच जोर, पण ताण ११५ च्या आसपास. दुप्पट केला तरी २३०. वजन मीटरला ९४० ग्रॅमऐवजी १४७० ग्रॅम. दीडपट वजनात जवळजवळ दुप्पट ताकद मिळते. तुमच्या रचनेला साधारण चार मीटर पाइप लागेल, म्हणजे सांगाडा सहा किलोच्या आत. आई नाही उचलणार, पण दुसरं कुणीही एका हाताने सरकवेल.

एक इंची चार पायांच्या खुर्चीसाठी ठेवा. इथे सव्वा इंचाच्या खाली जाऊ नका.

कंबरतलाव
या खुर्चीला मोठा इतिहास आहे. थोडं विषयांतर करतो, पण कामाचं आहे.

पोलादी नळी वाकवून घरातली खुर्ची करण्याचं पहिलं गाजलेलं काम मार्सेल ब्रॉयर याचं. जर्मनीतल्या दसाउ इथल्या बाउहाउस शाळेत तो शिकवत होता आणि सायकल चालवायचा. सायकलच्या हँडलची वाकवलेली नळी पाहून त्याला १९२५ च्या सुमारास कल्पना सुचली. नळी हँडलसारखी वाकते, तर खुर्ची का होणार नाही?

मागचे पाय नसलेली खुर्ची मात्र आधी केली ती मार्ट स्टाम या डच वास्तुरचनाकाराने, १९२६ मध्ये. त्याने चक्क गॅसच्या पाइपाचे सरळ तुकडे घेतले आणि ते कोपऱ्यावर एल्बोने जोडले. १९२७ मध्ये श्टुटगार्टच्या गृहप्रदर्शनात ही कल्पना लोकांसमोर आली. पण एल्बोने जोडलेली ती पहिली खुर्ची ताठ होती, लवचीकपणा नव्हता. सलग वाकवलेली नळी आली तेव्हा ती झुलायला लागली. ब्रॉयरने १९२८ मध्ये अशाच सांगाड्यावर लाकडी चौकटीत वेताची जाळी बसवली, ती खुर्ची आजही बनते.

म्हणून @शेडवाला, लवचीकपणा हवा असेल तर कोपऱ्यात कापून जोडू नका. वाक सलगच हवा.

रॉडवाला
@गुण्या यांचा हिशोब पटला. @कंबरतलाव यांचंही पटलं. करायचीच ठरली असेल तर वाकवण्याबद्दल सांगतो, कारण खुर्ची तिथेच बिघडते.

पहिली गोष्ट डाय, म्हणजे ज्या खाचेच्या साच्यावर पाइप वाकतो तो. तुमचा हायड्रॉलिक बेंडर पाण्याच्या पाइपाचा असणार. पाण्याचा पाइप आतल्या भोकावर मोजतात, फर्निचरचा बाहेरून. पाण्याचा 'एक इंची' पाइप बाहेरून ३३.७ मिमी भरतो, तुमचा सव्वा इंची फर्निचरचा ३१.८. त्या डायमध्ये हा सैल बसतो आणि वाकताना पोट चपटं होतं. चपटा वाक म्हणजे गुण्याभाऊंचं सगळं गणित पाण्यात. बाहेरच्या मापाची डाय मिळवा, नाहीतर फर्निचरचे पाइप वाकवणाऱ्याकडून वाकवून आणा. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी गोष्ट शिवण. पाइपाच्या आत बोट फिरवलं की वेल्डची शिवण लागते. ती वाकाच्या बाहेरच्या अंगाला नको, आतल्यालाही नको, कडेला ठेवा. बाहेरचं अंग ताणलं जातं, आतलं दबतं, कडेला काहीच होत नाही.

वाकाची त्रिज्या मध्यापासून पाइपाच्या बाहेरच्या मापाच्या तिप्पट तरी हवी. तुमच्यासाठी चार इंच धरा. दिसायलाही छान दिसतं. ९० अंश हवे असतील तर एक-दोन अंश जास्त वाकवा, सोडल्यावर पाइप थोडा उलगडतो. किती उलगडतो ते त्याच पाइपाच्या वाया तुकड्यावर बघून घ्या.

वाळू भरून वाकवणार असाल तर वाळू चाळून, तव्यावर भाजून, कोरडीठाक घ्या. ठोकत ठोकत भरा आणि दोन्ही टोकांना लाकडी खुंट मारा. ओल्या वाळूच्या पाइपाला गॅसची आच दिली की आत वाफ कोंडते आणि खुंट गोळीसारखा सुटतो. समोर कुणी उभं राहू नका.

आणि गॅल्व्हनाइज्ड पाइप स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. वेल्डिंगला जस्ताचा पांढरा धूर निघतो, रात्री थंडी वाजून ताप भरतो.

जुनामाग
आमच्या पूर्वभागात बंद पडलेले यंत्रमाग भंगारात जातात. त्याच्या बाजूच्या चौकटी काय सुंदर असतात! बिडाच्या, नक्षीदार. त्याचेच पाय करून वर बैठक वेल्ड केली तर सोलापूरची खरी खुर्ची होईल.

रॉडवाला
@जुनामाग, कल्पना मनाला लागली, पण बीड आणि साधा पाइप साध्या रॉडने जोडू नका. बीड ताणात ठिसूळ असतं. वेल्डच्या शेजारी गार होताना टक्क आवाज येतो आणि तडा जातो. निकेलचा रॉड, आधी सगळा भाग तापवणं, छोटे छोटे टाके आणि राखेत हळूहळू गार करणं, एवढं केलं तर जमतं. त्यापेक्षा भोक पाडून नटबोल्टने जोडा. बाकाला ती चौकट फार शोभेल, एकट्या खुर्चीला जड होईल.

जुनामाग
बाक! बोल्टचा बाक करतो. वेगळा धागा काढतो त्यासाठी.

विणकरगल्ली
नवारीचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमच्या घरात पलंगाला नवार आम्ही बायकाच भरायचो.

भाऊ, नवार ताणून भरली की ती दोन्ही बाजूंच्या पाइपांना आत ओढते. पलंगाला चारी बाजूंनी चौकट असते म्हणून ते कळत नाही. तुमच्या खुर्चीत बैठकीच्या दोन पाइपांमध्ये आडवं काही नसेल तर बैठक मध्यात आकसेल. पुढे आणि मागे एकेक आडवा पाइप पाहिजेच. पण तो सरळ नको. माणूस बसला की नवार खाली जाते आणि सरळ पाइप मांडीखाली टोचतो. तो खाली दोन इंच झोळ देऊन वाकवा.

बैठकीला आधी आडव्या पट्ट्या ताणून घ्या, मग उभ्या एक वर एक खाली. पाठीला आडव्याच पुरतात, हवा खेळते.

कुणी सुचवायच्या आधी सांगते, सोलापुरी चादर बैठक म्हणून ताणू नका. चादर पांघरायला विणलेली असते, भार घ्यायला नाही. नवारीवर घडी घालून टाका, तिथे तिची शोभा.

सातरस्ता
चादरीचं मीच लिहिणार होतो. थांबतो.

फिजिओताई
मूळ प्रश्नातला आईचा भाग मागे पडलाय. रोज गुडघ्यांचे पेशंट बघते, त्यावरून लिहिते.

साधारण खुर्चीची बैठक १७ इंचांवर असते. गुडघे दुखणाऱ्याला ती खोल पडते, कारण बैठक जितकी खाली तितका उठताना गुडघ्यावर जोर जास्त. आईंना रोजची चप्पल घालून ताठ बसवा, पाऊल जमिनीवर सपाट ठेवा आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत मोजा. त्यावर एक ते दोन इंच वाढवा. फार वाढवलं तर पाय लोंबकळतात आणि मांडीखाली दाब येतो, म्हणून दोनच्या वर नको.

पण हे माप बसल्यानंतरचं आहे. नवार एखादा इंच दबेल, तुमचा सांगाडाही वाकेल. तेवढं सांगाड्याच्या उंचीत आधीच वाढवून ठेवा.

खोली १६ इंच पुरे. जास्त खोल केली तर पाठ टेकवायला त्या मागे सरकतील आणि उठताना अडकतील. बैठक मागे तीन-चार अंशच उतरती, आरामखुर्चीसारखी नको. हात पाहिजेतच, बैठकीपासून आठ-नऊ इंच वर आणि बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले. उठताना माणूस पाऊल खुर्चीखाली मागे घेतो, म्हणून पुढच्या दोन पायांच्या मध्ये खाली आडवी पट्टी अजिबात नको.

आता स्पष्ट मत. झुलणारी खुर्ची बसायला छान, उठायला तितकी नाही. हातावर जोर देताना खुर्ची खाली जाते आणि वयस्कर माणूस दचकतो. आईंसाठी चार पायांची घट्ट खुर्ची करा.

कंबरतलाव
@फिजिओताई, थोडं असहमत. उठताना हातावरचा भार पुढच्या कडेवर, म्हणजे उभ्या पाइपाच्या अगदी वर येतो. तिथे झुलणं जवळपास नसतंच. झुलते ती बैठकीची मागची बाजू.

गुण्या
गणितानुसार @कंबरतलाव बरोबर आहेत, पण हाताचा पाइप कुठून निघतो यावर ते ठरतं. हात फक्त पाठीच्या पाइपातून पुढे आला असेल तर तोही झुलणार. पुढच्या उभ्या पाइपाला खाली जोडला असेल तर ताठ राहील. पण मग बैठक झुलताना तो जोड सतत इकडेतिकडे ओढला जाईल आणि वेल्डच्या कडेला तडा जाईल. पाइप सहसा मधे तुटत नाही. वेल्डच्या कडेला, जिथे ताण एकवटतो, तिथे तुटतो. म्हणून या प्रकारच्या खुर्चीत पुढच्या वाकात, आणि त्याच्या वरखाली चार-पाच इंच, काहीही वेल्ड करू नये.

म्हणजे हात हवे, घट्ट हवे आणि खुर्ची झुलणारीही हवी, या तीन गोष्टी एकत्र नांदणं कठीण.

फिजिओताई
हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही नीट सांगितलंत. शिवाय गुडघ्याचा माणूस खुर्चीवर बसत नाही, शेवटचे तीन-चार इंच तो पडतो. तो धक्का मागच्या बाजूलाच येतो.

विजापूरवेस
रंगाचं कुणी बोललं नाही. पावडर कोटिंग करा. भट्टीत १८० ते २०० अंशाला भाजतात, थर एकसारखा बसतो, ब्रशच्या रेघा नाहीत. तीन गोष्टी सांभाळा.

पाइपाची दोन्ही तोंडं वेल्डने बंद करणार असाल तर खालच्या बाजूला ५-६ मिमीचं भोक ठेवा. आतलं तेल आणि हवा तापून वेल्डच्या बारीक छिद्रांतून बाहेर येते आणि तिथे फोड उठतो. तेच भोक टांगायलाही उपयोगी पडतं.

ओट्यावर ऊन येतं, म्हणून पावडर पॉलिएस्टरची मागा. इपॉक्सी उन्हात खडूसारखी भुकटी सोडते.

आणि रंग फिका निवडा. मे महिन्यात ४२-४३ अंशात काळा पाइप उन्हात राहिला तर हात लावता येत नाही.

रॉडवाला
पावडर कोटिंग चांगलंच, पण पुढे कधी वेल्ड करावं लागलं तर तेवढाच भाग परत भाजता येत नाही, सगळी खुर्ची न्यावी लागते. घरच्या खुर्चीला रेडऑक्साइड आणि वरून दोन हात ऑइलपेंट मला पुरतं. गंज आणि तेल आधी नीट काढलं नाही तर दोन्ही रंग सुटतात, हे मात्र खरं.

विणकरगल्ली
आणि रोज सकाळी अंगणात सडा पडतो. खालचा पाइप रोज भिजणार. पायाला रबरी बूट घातलेत तर त्यात पाणी साचू देऊ नका.

विजापूरवेस
अगदी मोलाचं. पायाच्या रबरी बुटात पाणी राहतं आणि पाइप आतून कुजतो, बाहेरून कळतच नाही. बुटाच्या तळाला बारीक भोक पाडा.

गड्ड्याचीवाट
गड्ड्याच्या जत्रेत आणि लग्नाच्या हॉलमध्ये त्या घडीच्या लोखंडी खुर्च्या असतात बघा. कितीही फेका, उभ्याच्या उभ्या. त्यांच्याकडूनही शिकण्यासारखं आहे. त्यात पाय एकमेकांना फुली मारून जातात आणि एका रिव्हेटवर फिरतात. सांध्यात वेल्ड नाही, म्हणून तिथे तडा जात नाही. शेवटी झिजतो तो रिव्हेट, आणि तो बदलता येतो.

मीठभाकर
मी प्लास्टिकची सुचवली होती. शब्द मागे. आमच्या आबांसाठी पण एक करा मालक, माप पाठवतो.

शेडवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढी नेमकी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं.

तुमचं वाचून आईचं माप घेतलं. चप्पल घालून खळगीपर्यंत १६ इंच. बसल्यावर १७.५ मिळायला हवेत, म्हणून रिकाम्या सांगाड्याची उंची १८.५.

ठरवलं ते असं. आईची खुर्ची चार पायांची, पण चौकोनी पाइपाची नाही. शेडमधला एक इंची १६ गेज गोल पाइप तिथे योग्य बसतो. दोन्ही बाजूंना दोन-दोन सलग पाइप: एक मागच्या पायापासून वर जाऊन पाठ, दुसरा पुढच्या पायापासून वर येऊन मागे वळलेला हात. म्हणजे हाताचा भार सरळ पुढच्या पायात उतरेल आणि तिथे सांधाच नसेल. @फिजिओताई म्हणाल्या तसं पुढे खाली पट्टी नाही, घट्टपणासाठी बाजूला आणि मागे. आडवे दोन पाइप खाली झोळ दिलेले. @रॉडवाला दादा, खाचा भोक पाडायच्या गोल करवतीने (होल सॉ) ड्रिलवर पाडणार, फट उरणार नाही.

सव्वा इंची १४ गेजचा एक वीस फुटी पाइप मागवलाय. मागचे पाय नसलेली खुर्ची हातांशिवाय त्यात करणार, पुस्तक वाचत बसायला. वाकवायला बाहेर देतो, डायचं ऐकल्यावर धीर होत नाही. शेडच्या कोब्यावर दोन्ही खुर्च्या खडूने पूर्ण मापात आखून ठेवल्या आहेत.

रॉडवाला
आखणी कोब्यावर केली हे फार चांगलं. टॅक मारलेला सांगाडा त्याच आखणीवर ठेवून बघत जा. सगळे टॅक आधी मारा, मग समोरासमोरचे सांधे आलटून पालटून भरा, एका बाजूने भरत गेलात तर खुर्ची पिळते. आणि त्या बिनपायाच्या खुर्चीचा जमिनीवरचा पाइप मागे बैठकीच्या कडेपर्यंत तरी जाऊ द्या, थोडा आणखी मागे गेला तरी चालेल. तो आखूड पडला तर पाठ टेकणारा माणूस उलटा जातो.

शेडवाला
कडेच्या दोन इंच आणखी मागे नेलाय, दादा. @विणकरगल्ली ताई, एक राहिलं. नवारीचं शेवटचं टोक कसं बंद करायचं? शिवून टाकू का?

विणकरगल्ली
शिवू नका. सुती नवार बसून बसून सैल पडतेच, पलंगाची पण पुन्हा ओढावी लागते. सुरुवातीचं टोक पाइपाला गुंडाळून शिवा, ते हलत नाही. शेवटचं टोक बैठकीच्या खालून मागच्या आडव्या पाइपाला दोन वेढे देऊन बांधा आणि वीतभर जास्त सोडा. सैल झाली की गाठ सोडायची, एकेक पट्टी पुढून मागे ओढत यायची आणि पुन्हा बांधायची. दोघं लागतात, एकाने ओढायचं आणि दुसऱ्याने पट्टी गुडघ्याने दाबून धरायची.